झाडीपट्टीत नवीन आलात? अस्वलाचं आधी ऐकून घ्या

बदल्यांचा सिझन आला की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, नवीन माणसं येतात, कोणी शिक्षक, कोणी तलाठी, कोणी बँकेत, कोणी रस्त्याच्या नाहीतर टॉवरच्या कामावर, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, सर इथं वाघ दिसतो का. वाघाचं सांगायला गावात शंभर माणसं आहेत. अस्वलाचं कोणी सांगत नाही, कारण इथल्या लोकांना ते लहानपणापासून माहीत असतं, नव्या माणसाला सांगावं लागतं हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. म्हणून मी लिहितोय. मी मूळचा सोलापूरकडचा, २००९ ला शाळेवर ऑर्डर निघाली ती थेट चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात, गाव जंगलाला चिकटून. दोनतीन वर्षं काढून परत जाऊ असं वाटलं होतं, पण इथलाच झालो.

पहिल्या दोन वर्षांत मी पहाटे फिरायला जायचो, एकटा, कानात हेडफोन, पांदण रस्त्यानं सरळ झुडपी जंगलाकडं. २०११ च्या मार्चमधली गोष्ट. वळणावर वारूळ होतं आणि त्याच्यापाशी कोणी काळं घोंगडं टाकून गेल्यासारखं काहीतरी पडलेलं. मी पंधरावीस पावलांवर गेलो तेव्हा ते घोंगडं दोन पायांवर उभं राहिलं. छातीवर पांढरट चंद्रकोर, लांब नखं, नाक वर करून हवेत वास घेतंय. माझे पाय जागेवरच थिजले, त्यामुळं मी पळालो नाही आणि त्यामुळंच वाचलो असं आज वाटतं. दोनतीनदा जोरात फुत्कारलं आणि झाडीत शिरलं.

घरी आलो तर शेजारचे बाबा अंगणात बसलेले, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "गुरुजी, चोरावानी काहून चालता जी? त्याले मालूम तर पडू द्या का मानूस येऊन रायला." सगळं मार्गदर्शन या एका वाक्यात आहे, पुढं मी जे लिहितोय ते फक्त त्याची फोड आहे.

आपल्याकडचं अस्वल माणूस खायला येत नाही. त्याचं मुख्य खाणं वाळवी, मुंग्या, मध, मोहफूल, आणि जंगलातली फळं. पण त्याची नजर अधू, कानही फार तिखट नाहीत, सगळी भिस्त नाकावर. वारा त्याच्याकडून तुमच्याकडं वाहत असला तर तुमचा वास त्याला जातच नाही. त्यात ते वारूळ खणत असलं की विचारूच नका, वरचे मधले दोन दात त्याला नसतात, त्या फटीतून ते वाळवी अक्षरशः ओढून घेतं आणि त्याचा फुर्र फुर्र आवाज शंभर मीटरवरून ऐकू येतो, मग त्या आवाजात तुमची पावलं त्याला कुठून ऐकू येणार. अशा वेळी माणूस एकदम पुढ्यात उगवला की ते दचकतं, आणि दचकलेलं अस्वल पळण्याऐवजी अंगावर येतं. वाघ बिबट्याच्या शेजारात राहणारा प्राणी आहे तो, अंगावर धावून जाऊन समोरच्याला हटवायचं हाच त्याचा बचाव. म्हणून जंगलाच्या कडेनं चालताना बोलत चला, खाकरा, काठी आपटत चला, वळणाच्या आधी एक हाक मारा. काठीला घुंगरू बांधलं तर उत्तमच. मोबाईलवर गाणं लावून खिशात ठेवणं ठीक, कानात घालणं नाही. आणि एकटं जाऊ नका, तिघंचौघं असले की आवाज आपोआप होतो.

आता वर्षाचं गणित सांगतो कारण नवीन माणूस इथंच चुकतो. थंडीत अस्वल गुहेत झोपून असतं असं कार्टूनमध्ये बघून वाटतं, इथं तसलं काही नाही, ते बारा महिने हिंडतं. नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुमारास मादी खडकाच्या कपारीत नाहीतर खणलेल्या बिळात पिल्लं घालते, बहुतेक एक किंवा दोन. दोनअडीच महिन्यांची झाली की ती पिल्लांना पाठीवर बसवून बाहेर काढते, पाठीवरचे लांब केस धरून ती बसून राहतात. आणि नेमकं तेव्हाच मोह फुलायला लागतो. मार्च एप्रिलमध्ये पहाटे मोहाच्या झाडाखाली फुलांचा सडा पडतो, बाया टोपल्या घेऊन तीन चार वाजता घरातून निघतात, कारण उशीर झाला तर फूल दुसरा कोणी उचलून नेतो, नाहीतर गुरं खातात. अस्वलही त्याच झाडाखाली रात्रभर खात असतं. एकच झाड, एकच वेळ, त्यात पिल्लंवाली मादी. मग लगेच एप्रिल मे मध्ये तेंदूपत्ता लागतो, अख्खं गाव पहाटे जंगलात, आणि टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, त्याच दिवसांत पिकतात जी अस्वलाला भारी आवडतात. जूनमध्ये जांभळं. म्हणजे मार्च ते जून हे चार महिने सगळ्यात जपायचे.

तुमच्यापैकी कोणी हौसेनं मोह वेचायला जाणार असाल (जा, अवश्य जा, पहाटेचा तो वास मी शब्दांत सांगू शकत नाही) तर शेजाऱ्यांबरोबर जा, उजाडल्यावर जा, झाडाजवळ पोचायच्या आधी लांबूनच आवाज द्या, नजर चहूकडं फिरवा आणि मग बसा. एकानं वेचायचं नाही, उभं राहून फक्त लक्ष ठेवायचं. हे वाघासाठीही लागतं, खाली वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. आमच्या शाळेतल्या एका मुलाची आजी अंधारात एकटीच गेली होती, रोजचंच झाड, तीस वर्षांची सवय. एक डोळा गेला तिचा. ती आजही अंगणात बसून पोरांना सांगते, हाक मारून जा रे.

दुपारी अस्वल सावलीत पडलेलं असतं, नाल्याच्या काठी, कपारीत, रायमुनियाच्या दाट झुडपात (आपल्याकडं घाणेरी म्हणतात तीच). सर्व्हे करणारे, लाईन टाकणारे, मोजणीवाले तुम्हाला हे खास सांगतो, लघवीला म्हणून झुडपात शिरू नका, आधी दोन दगड एकमेकांवर वाजवा, थांबा, मग बघा. काही खुणा ओळखायला शिका. वारूळ ताजं उकरलेलं, माती ओली, म्हणजे ते जवळच आहे. विष्ठेत बोराच्या, जांभळाच्या बिया दिसतात. मागच्या पायाचा ठसा लहान मुलाच्या अनवाणी पावलासारखा दिसतो, फक्त बोटांच्या पुढं नखांची टोकं उमटलेली असतात. असं काही दिसलं की रस्ता बदला, काम तासभर लांबलं तर लांबलं.

आणि समोर आलंच तर. त्यानं बघितलं नसेल तर जसे आलात तसेच मागं सरका, हळू, ओरडायचं नाही. बघितलं असेल आणि उभं राहिलं असेल तर घाबरू नका, उभं राहणं म्हणजे हल्ला नव्हे, तुम्ही काय आहात ते समजून घ्यायला ते वास घेतंय. हळू आवाजात बोलत, त्याच्याकडं पाठ न करता मागं व्हा, त्याला निघायला वाट सोडा. बरोबर माणसं असतील तर सगळे एकमेकांना चिकटून उभे राहा, एकानं जरी पळ काढला तरी गडबड. दगड मारू नका. पिल्लू एकटं दिसलं तर आई दहा पावलांवर आहे असंच धरा, आणि मोबाईल खिशातच ठेवा. पळून उपयोग नाही, ते जाडजूड दिसतं पण माणसापेक्षा जोरात धावतं. लहानपणी आपण सगळ्यांनी दोन मित्र आणि अस्वलाची गोष्ट ऐकलीय, एक झाडावर चढतो, दुसरा मेल्याचं सोंग घेतो. पोरांना मी ती गोष्ट सांगतो आणि लगेच दुरुस्तही करतो. झाडावर अस्वल आरामात चढतं, मधाची पोळी ते झाडावर चढूनच काढतं. आणि आकाशाकडं तोंड करून मेल्यासारखं पडलात तर चेहरा त्याच्या नखांसमोर उघडा राहतो.

बऱ्याचदा ते धावून येतं आणि अलीकडंच थांबून वळतं, तेव्हा हातात काठी असेल तर पुढं धरून जागेवर उभं राहा. अंगाला भिडलंच तर मात्र पालथं पडा, पोट जमिनीला, दोन्ही हातांची बोटं मानेच्या मागं गुंफा, कोपरं कानांवर आणि चेहरा आत. पाठीवर बॅग असेल तर काढू नका, तीच ढाल. अस्वलाचा वार डोक्यावर आणि तोंडावर असतो, ते एवढं वाचवलं की माणूस वाचतो. ते गेलं असं वाटलं तरी लगेच उठू नका, थोडा वेळ तसंच पडून राहा. बरोबरच्यांनी लांबून सगळ्यांनी मिळून मोठा आरडाओरडा करावा, डबे वाजवावे.

जखमेचं मला जास्त कळकळीनं सांगायचंय. रक्त फार वाहत असेल तर स्वच्छ कपडा दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. रक्त फार वाहत नसेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तंबाखू काही भरायचं नाही. अस्वलाच्या चाव्यानंतर, ओरखड्यानंतर रेबीजची लस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागतंच, कातडी फाटून रक्त आलं असेल तर रेबीजचं सीरमही. आमच्या गावच्या एका माणसाला एका दवाखान्यात नुसते टाके घालून घरी पाठवलं होतं, रेबीजचं नावही काढलं नाही, दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन लस दिली. तेव्हा तुम्ही स्वतः विचारा, लाजू नका. वनविभागाला त्याच दिवशी कळवा, हेल्पलाईन १९२६ आहे, गार्डचा नंबर तर पहिल्याच आठवड्यात घेऊन ठेवा. पंचनामा झाला, सरकारी दवाखान्याचे कागद असले तरच पुढं शासनाची मदत मिळते, कागद नसले की गरीब माणूस वर्षभर हेलपाटे घालतो.

घराचं थोडक्यात. अंगणात मोहफूल वाळत घातलेलं रात्री आत घ्या, उष्टंखरकटं घराजवळ टाकू नका. कुत्रा मोकळा घेऊन जंगलाकडं जाऊ नका, तो अस्वलावर भुंकतो आणि मग मागं अस्वल घेऊन तुमच्याकडंच पळत येतो. रात्री गाडीवर असाल तर वेग कमी ठेवा, रस्त्यात अस्वल दिसलं तर लांब थांबा, लाईट चालू ठेवा, जाऊ द्या त्याला. आणि वावराला करंट सोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात जनावर मरतं तशी माणसंही मेलीत. अस्वल १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अनुसूची एकमध्ये आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. ताईतासाठी अस्वलाचा केस नाहीतर नख विकायला कोणी आलं तर घेऊ नका, नुसतं जवळ ठेवणंही गुन्हा आहे.

शेवटी विहिरीचं, कारण हे नवीन माणसाला अजिबात सुचत नाही. इथं वावरात बिनकठड्याच्या विहिरी पुष्कळ, आणि उन्हाळ्यात रात्री त्यात अस्वलं पडतात. आमच्या शिवारात एकदा पडलं, तर बघायला चारपाचशे माणसं जमली, पोरं काठावर वाकून व्हिडिओ काढत होती. वनविभागाच्या माणसांनी आणि पीआरटीच्या (वनविभागाला मदत करणारं गावातल्या पोरांचं पथक) पोरांनी आधी सगळ्यांना लांब हटवलं, जाड बल्ल्यांची शिडी बांधून आत सोडली आणि सगळे दिवे बंद केले. अंधार पडल्यावर ते आपलं आपण चढून वर आलं आणि निघून गेलं. त्या वेळी काठावर गर्दी असती तर पहिल्या दोनचार माणसांची काय गत झाली असती या विचारानं मला अजून धडकी भरते. तुमच्या घरमालकाच्या वावरात अशी विहीर असेल तर यंदाच कठड्याचं बोला त्यांच्याशी, विटा त्यांच्या, मेहनत गावातली पोरं करतात, आम्ही दोन विहिरींना तसंच केलंय.