सोलापुरी चादरीची प्रवासी बॅग: घरच्या मशीनवर कशी शिवाल

आहेरात आलेली एखादी तरी सोलापुरी चादर बहुतेक घरांत कपाटाच्या तळाशी पडून असते. पांघरायला ती कुणी काढत नाही आणि टाकूनही देववत नाही. जाड सुताची, अंगची घट्ट विणीची आणि दोन्ही बाजूंनी नक्षी दिसणारी ही चादर प्रवासी बॅगेसाठी फार चांगलं कापड आहे. शिवायला खास मशीन लागत नाही, घरचं साधं पायमशीन पुरतं. फक्त सुई १६ किंवा १८ नंबरची घाला, टाका नेहमीपेक्षा थोडा लांब ठेवा आणि दोरा पॉलिस्टरचा घ्या. ब्लाउजच्या सुती दोऱ्यावर सात किलोंचं ओझं सोडू नये.

आपण जी बॅग शिवणार आहोत ती तयार झाल्यावर साधारण १८ इंच लांब, ११ इंच उंच आणि ९ इंच रुंद होईल. म्हणजे ४६ × २८ × २३ सेंटिमीटर. देशांतर्गत विमानात हातातल्या बॅगेला सहसा ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर आणि ७ किलोंची मर्यादा असते, त्यात ती बसते. कापडी बॅग भरली की फुगते, म्हणून रुंदीत दोन सेंटिमीटर मुद्दाम राखून ठेवलेत. एसटीच्या फळीवरही ती नीट मावते.

सामान

चादर एक, साधारण ६० × ९० इंचांची. अस्तराला एक मीटर पॅराशूटचं कापड, कारण पावसाळ्यात आतले कपडे दमट होत नाहीत. ८ नंबरची नायलॉनची चेन एक मीटर आणि त्याच नंबरचे दोन रनर. ५ नंबरचा रनर ८ नंबरच्या चेनवर चढत नाही, तेव्हा दुकानातच एकदा ओढून पाहा. दीड इंची पट्टा पाच मीटर, दीड इंची डी-रिंगा दोन, हुक दोन, पट्टा लांब-आखूड करायचा ॲडजस्टर एक. शिवाय आतल्या शिवणी झाकायला पायपिंगची पट्टी. पुण्यात हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळतं. इतरत्र बॅगदुरुस्तीवाल्याला विचारा, तो सुटी चेन आणि रनर देतो.

कापण्याआधी चादर एकदा गार पाण्यात वेगळी धुऊन वाळवा. नवी असेल तर ती आटते आणि रंगही सोडते. बॅग शिवून झाल्यावर हे कळण्यात अर्थ नाही.

कापणी

चादरीतून २८ × ४१ इंचांचा एक तुकडा काढा. हीच अख्खी बॅग. ४१ इंच बाजू समोरून खाली, तळाखालून मागे वर अशी फिरते आणि तिची दोन्ही टोकं वर चेनला मिळतात. अर्धा-अर्धा इंच शिवणीसाठी यात धरलेला आहे. अस्तर याच मापाचं.

इथे एक पेच आहे. नक्षी फुलांची किंवा चौकड्यांची असेल तर एकच तुकडा चालतो. मोर असतील तर मात्र समोरचे सरळ उभे राहतील आणि पाठचे डोकं खाली पाय वर होतील. अशा वेळी २८ × २१ इंचांचे दोन तुकडे कापा, दोन्ही मोर वर बघतील असे ठेवा आणि तळाशी अर्धा इंच सोडून जोडा. जोडल्यावर माप तेवढंच, ४१ इंच भरतं. ही शिवण दुहेरी टिपेची हवी, तिच्यावर वजन येतं.

खिशासाठी ९ × १० इंचांचा तुकडा वेगळा काढा. कापल्या कापल्या या चादरीचे दोरे सुटायला लागतात. पिको-फॉलच्या दुकानातून सगळ्या कडांना इंटरलॉक मारून आणा, ते काम घरी सुईने करत बसू नका.

खिसा आणि पट्टा

बॅगेचं कापड सहसा फाटत नाही, तुटतो तो पट्टा, आणि तोही जोडाच्या जागी. बाजारातल्या स्वस्त बॅगांना पट्टा वरच्या काठाला चार टाक्यांनी अडकवलेला असतो आणि सगळं वजन त्या चार टाक्यांवर लोंबकळतं. म्हणून आपण पट्टा तळाखालून फिरवायचा. वजन पट्ट्यावर बसतं, शिवण त्याला फक्त जागेवर धरते. या कामाला घाई नको.

मुख्य तुकडा सपाट पसरा आणि तळाची मधली रेघ (४१ इंचांच्या निम्म्यावर) खडूने आखा. खिशाची वरची कड दीड इंच आणि खालची अर्धा इंच दुमडून टीप मारा, म्हणजे तो आठ इंच उंच उरेल. त्याची खालची कड तळाच्या रेघेपासून साडेपाच इंचांवर, बरोबर मधोमध ठेवून शिवा. डाव्या-उजव्या कडा दुमडू नका, त्या पट्ट्याखाली दडतील.

आता दोन्ही बाजूंच्या कडांपासून १० इंचांवर, पूर्ण ४१ इंच लांबीच्या, दोन उभ्या रेघा आखा. पट्ट्याचा मध्य या रेघांवर येईल. हातात धरायच्या पट्ट्याला एकूण पावणेतीन मीटर लागतो. सुरुवात तळाच्या रेघेवरून करा. पट्टा एका रेघेने वर न्या, चेनच्या कडेआधी ७ इंचांवर थांबा, मग २६ इंच पट्टा मोकळा सोडा (ही मूठ), दुसऱ्या रेघेने खाली उतरा, तळ ओलांडून पलीकडे तसंच करा आणि जिथून निघालात तिथे परत या. टोकं दोन इंच एकावर एक चढवा. टाचण्या लावून झाल्या की मुठी हातात धरून उचलून पाहा. दोन्ही सारख्या उंचीच्या दिसल्या तरच मशीनवर बसा. पट्ट्याच्या दोन्ही कडांनी टीप मारा आणि ७ इंचांच्या चारही जागी, तसंच तळाशी जोडावर, चौकोन शिवून त्यात फुली मारा. जाड सुई तिथे चरफडेल. मोटार असली तरी बंद करा आणि चाक हाताने फिरवा.

हे सगळं अस्तर लावण्याआधी. नाहीतर पट्ट्याच्या टिपा आत दिसतात आणि अस्तराला गोळे पडतात. अस्तराला आत एखादा खिसा हवा असेल तर तोही आत्ताच शिवा. एकच पुरे; सहा खिशांच्या बॅगेत चावी कधीच सापडत नाही. मग अस्तर चादरीच्या उलट्या बाजूवर पसरून चारही कडांनी कच्ची टीप मारा. इथून पुढे दोन्ही मिळून एकच कापड.

चेन

मीटरवर घेतलेल्या चेनची मोठी सोय अशी की ती पूर्ण उघडून दोन वेगळ्या पट्ट्या करता येतात. एक पट्टी कापडाच्या एका २८ इंची कडेला आणि दुसरी समोरच्या कडेला शिवा, चांगली बाजू चांगल्या बाजूवर ठेवून. मग कापड मागे वळवून वरून काठाची टीप. दोन्ही वेळा कापड सपाटच असतं, त्यामुळे अडचण येत नाही.

आता रनर. त्याच्या एका बाजूला दोन तोंडं असतात, दुसऱ्या बाजूला एक. चेनची दोन टोकं दोन तोंडांत घाला आणि रनर आत ओढा. समोरच्या टोकाकडून दुसरा रनर तसाच. दोन्हींची दोन तोंडं आता एकमेकांकडे बघतात आणि बॅग मधोमध बंद होते. टोकांना हाताने चार टाके घाला. दोन्ही रनर मध्यापासून सहा-सात इंच दूर ठेवा, म्हणजे मध्ये चेन उघडी राहील. हे विसरलात तर बॅग उलटीची सुलट करायला वाटच उरत नाही.

बाजू आणि कोपरे

कापडाची उलटी बाजू वर येईल अशी नळी चपटी करा. एका कडेला चेन, समोरच्या कडेला तळाची रेघ. मुठी आत सारा. दोन्ही उघडी टोकं अर्धा इंच सोडून शिवा, वर परत एकदा.

पिशवी तर झाली. तिची बॅग होते कोपऱ्यांनी. तळाचा एक कोपरा चिमटीत धरा आणि असा उघडा की बाजूची शिवण तळाच्या रेघेवर बरोबर येऊन बसेल. समोर त्रिकोण दिसेल. त्याच्या टोकापासून साडेचार इंच खाली आडवी रेघ आखा. ती नऊ इंच भरली पाहिजे. भरत नसेल तर शिवण सरकली आहे, पुन्हा जुळवा. त्या रेघेवर दोनदा टीप मारा आणि अर्धा इंच ठेवून त्रिकोण कापून टाका. दुसरा कोपरा तसाच.

वरचे दोन कोपरे याच रीतीने, फक्त इथे बाजूची शिवण चेनवर येते. शिवण्याआधी तीन इंच पट्ट्याचा तुकडा डी-रिंगमधून ओवून दुमडा आणि दोन थरांच्या मध्ये, चेनच्या रेषेत घाला, रिंग बॅगेच्या आतल्या अंगाला ठेवून. सुलटं केल्यावर ती बाहेर येते. या जागी जाडी फार होते. खाली लाकडी पाट ठेवून शिवण हातोडीने हलके ठोका, कापड बसतं आणि सुई जाते. मशीनच्या पायाच्या (कापड दाबून धरणाऱ्या पट्टीच्या) मागे जाड पुठ्ठ्याची घडी ठेवली की तो तिरका होत नाही. चेनवरून जाताना पुन्हा हातानेच चाक.

कापलेल्या कडांना पायपिंग लावा आणि चेनमधून बॅग सुलट करा. उरलेल्या पट्ट्याच्या दोन टोकांना हुक आणि मध्ये ॲडजस्टर, हा खांद्याचा पट्टा.

चादर मऊ असल्याने तळ खाली झोळतो. साडेसतरा × साडेआठ इंचांचा जाड प्लॅस्टिकचा पत्रा कापा, कोपरे गोल करा, उरलेल्या अस्तराची खोळ शिवून त्यात घाला आणि तळाशी नुसता ठेवा. शिवून टाकू नका. बॅग धुताना तो काढावा लागतो. धुवायची ती गार पाण्यात, चेन उघडी ठेवून, आणि वाळवायची सावलीत उलटी करून.