गेममध्ये हलत्या शत्रूवर नेम धरताय? आधी टाइम नीट काढा

गेमच्या कोडमध्ये शत्रूकडे जाणारा व्हेक्टर (दिशा आणि लांबी असलेला बाण) नॉर्मलाइज करायचा, म्हणजे दिशा तीच ठेवून लांबी एक करायची, आणि गोळीच्या स्पीडने गुणायचा, एवढं तुम्हाला येत असणारच. गोची पुढे आहे. बहुतेक जण शत्रूपर्यंतचं अंतर भागिले गोळीचा स्पीड करून टाइम काढतात, तेवढ्या वेळात शत्रू जिथे पोचेल तिथे नेम धरतात आणि मग गोळी दरवेळी त्याच्या मागून का जातेय म्हणून डोकं धरून बसतात. मीही बसलोय.

आकडेच बघा ना. शत्रू 300 युनिट लांब, आडवा पळतोय सेकंदाला 60 ने, गोळी 100 ची. म्हणजे 3 सेकंद, नेम 180 पुढे. पण तो पॉइंट तिरका पडतो ना! तिथवरचं अंतर 300 नाही, जवळपास 350, गोळी पोचेपर्यंत साडेतीन सेकंद गेले आणि शत्रू 210 वर. खरं उत्तर 3.75 सेकंद, नेम 225 पुढे, अंतर 375. नेम टाइमवर अवलंबून आणि टाइम नेमावर, त्यामुळे नुसत्या भागाकाराने सुटतच नाही.

घाबरू नका, दहावीचं वर्गसमीकरण आहे: ए गुणिले टाइमचा वर्ग, अधिक बी गुणिले टाइम, अधिक सी, बरोबर शून्य. ए म्हणजे शत्रूच्या स्पीडचा वर्ग वजा गोळीच्या स्पीडचा वर्ग, बी म्हणजे तुमच्याकडून शत्रूकडे जाणारा व्हेक्टर आणि त्याची व्हेलॉसिटी (दिशेसकट वेग) यांच्या डॉट प्रॉडक्टची (एक्स गुणिले एक्स अधिक वाय गुणिले वाय) दुप्पट, सी म्हणजे अंतराचा वर्ग. उत्तरं दोन येतात, त्यातलं सगळ्यात लहान पॉझिटिव्ह घ्या. वर्गमुळाच्या आत मायनस आलं तर गोळी पोचूच शकत नाही, झाडू नका. आणि दोघांचे स्पीड सारखे असले की ए शून्य, शून्याने भागाकार, गोळी गायब! तो चेक आधीच टाका, तिथे टाइम म्हणजे वजा सी भागिले बी, तोही पॉझिटिव्ह आला तरच.

'लीड (नेम जितका पुढे धरायचा ते अंतर) 1.2 ने गुण, चालून जातं' म्हणणारे सीनियर भेटतील. त्यांचं ऐकू नका, शत्रूच्या एका स्पीडला आणि दिशेला चालतं आणि दुसऱ्याला बोंबलतं.

गोडो या गेम इंजिनमध्ये मूव्ह-अँड-स्लाइड हे हलवायचं फंक्शन वापरत असाल तर व्हेलॉसिटीला परत डेल्टाने (एका फ्रेमच्या वेळाने) गुणू नका, ती सेकंदाचीच असते. आणि गोळीला तुमच्या गाडीचा वेग मिळत असेल तर शत्रूच्या व्हेलॉसिटीतून तुमची वजा करून मगच वरचं गणित करा.

हेच गणित शत्रूंना वापरलंत तर त्यांचा नेम मात्र मुद्दाम थोडा बिघडवा, सरळ पळणाऱ्या प्लेयरला प्रत्येक गोळी लागली तर तो गेम बंद करून जेवायला जाईल.