तलावात सोडण्याआधी बोटुकली होऊ द्या: पावसाळ्यातलं मत्स्यबीज संगोपन आणि गळाची मासेमारी

कटला, रोहू आणि मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना नदीचा पूर लागतो, नाहीतर मत्स्यबीज केंद्रात दिलेलं संप्रेरकाचं इंजेक्शन. ते तंत्र आपल्या देशात १० जुलै १९५७ रोजी यशस्वी झालं, म्हणून १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो. गावतळ्यात किंवा पाझर तलावात हे मासे हवे असतील, तर बीज दरवर्षी बाहेरून आणावं लागतं. पुणे जिल्ह्यात आता गळ टाकणारी हौशी मंडळी आणि गावातली तरुण मुलं वर्गणी काढून बीज आणतात. उत्साह चांगला आहे. मात्र बहुतेक ठिकाणी पिशवी फोडून बारीक बीज थेट तलावात ओततात आणि वर्षभराने गळाला फक्त चिलापी (तिलापिया) लागते.

जिरे म्हणजे ६-८ मिलिमीटरचं पिल्लू. साधारण २५ मिलिमीटरला त्याला मत्स्यबीज म्हणतात, ५० पर्यंत अर्धबोटुकली आणि पुढे बोटुकली. जुन्या तलावात मरळ, शिंगाळा, वांब आणि चिलापी आधीच ठाण मांडून असतात, वरून खंड्या आणि पाणकावळे. २५ मिलिमीटरचं बीज त्यांच्यासाठी आयती न्याहारी. तेच पिल्लू ८० ते १०० मिलिमीटरचं झालं की पळतंही जोरात आणि लहान तोंडाच्या माशाला गिळताही येत नाही. म्हणून दहा हजार बीज ओतण्यापेक्षा हजार बोटुकली सोडणं स्वस्त पडतं. मधले आठ-दहा आठवडे बीज जाळीच्या तरंगत्या पिंजऱ्यात वाढवायचं, एवढंच काम.

केव्हा सुरू करायचं

मावळ, मुळशी, भोर, वेल्हे या पट्ट्यात तलाव जुलैत भरतात. तिथे पुष्य नक्षत्रात, म्हणजे २० जुलैच्या पुढे, पिंजरा पाण्यात उतरवा. आर्द्रात घाई करू नका. पहिल्या पावसाचं पाणी गढूळ असतं, गाळ पिल्लांच्या कल्ल्यांत बसतो आणि शेतातली औषधंही त्याच पाण्यासोबत येतात. पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडून पाहा. ३० सेंटिमीटरवर दिसेनाशी होत असेल तर आठवडाभर थांबा.

बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर, पुरंदर इकडचं गणित निराळं. तिथे पाझर तलावात खरं पाणी उत्तरा-हस्तात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापुढे, येतं आणि बीज मात्र जुलै-ऑगस्टमध्येच मिळतं. अशा गावांनी एखाद्या शेतकऱ्याच्या शेततळ्यात पिंजरा लावून बीज वाढवावं आणि तलाव भरला की तिथे न्यावं. प्लॅस्टिकने अस्तरीकरण केलेल्या शेततळ्यात नैसर्गिक खाद्य कमी असतं, त्यामुळे खाद्यात खाडा चालत नाही. त्या प्लॅस्टिकवर पाय घसरला तर पोहणाराही वर येऊ शकत नाही. काठाला गाठी मारलेला जाड दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम बांधलेली हवी आणि एकट्याने कोणी खाद्य टाकायला जायचं नाही.

आधी विचारा, मग बीज आणा

तलाव ग्रामपंचायतीचा आहे, जिल्हा परिषदेचा की जलसंपदा विभागाचा, ते पाहा. मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असेल तर त्या तलावातल्या माशांवर हक्क त्यांचा. तुम्ही सोडलेली बोटुकलीही त्यांच्याच जाळ्यात जाणार. संस्थेशी आधी बसून लेखी ठरवा: बीज आम्ही वाढवतो, अमुक काठावर गळाला परवानगी द्या. हे तोंडी ठेवलं की दुसऱ्या वर्षी भांडण ठरलेलं. पिण्याच्या पाण्याच्या तलावात शेण, युरिया, मोहाची पेंड, ब्लीचिंग यातलं काहीही टाकायचं नाही. शेततळ्याच्या पुस्तिकेतले हे उपाय सार्वजनिक पाण्यासाठी नाहीत.

किती आणि कोणते

संख्या भरलेल्या तलावावरून काढू नका. मे महिन्यात जेवढं पाणी उरतं तेवढंच माशांचं घर. वरून खाद्य न देता एकरी ४०० बोटुकली पुरे. उन्हाळ्यात अडीच एकर पाणी राहत असेल तर हजार, म्हणजे एका पिंजऱ्याचं काम. प्रमाण कटला ४०, रोहू ३०, मृगळ ३०. कटला वरचं खातो, रोहू मधलं, मृगळ तळाचं.

सायप्रिनस (कॉमन कार्प) गळाला झकास खेळतो, म्हणून हौशी मंडळी त्याचा आग्रह धरतात. तो तळ आणि काठ उकरून पाणी गढूळ करतो आणि साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. लहान पाझर तलावात तो नकोच. चिलापी कोणी फुकट दिली तरी आणू नका, उजनीत तिने काय केलं ते तिथल्या कोणत्याही मच्छीमाराला विचारा. थाई मागूरच्या संवर्धनावर देशात बंदी आहे. घरच्या टाकीतला सकर मासा ‘जीव वाचवायला’ तलावात सोडणाऱ्यांना तर हात जोडून परत पाठवावं.

महसीर, म्हणजे आपला खडस, सोडायची हौस अनेकांना असते. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याचं प्रजनन होतं. पण खडसाला वाहतं, गार, स्वच्छ पाणी आणि दगडगोट्यांचा तळ लागतो, पाझर तलावात तो रमत नाही. दुसऱ्या खोऱ्यात तर तो मुळीच नेऊ नये. कावेरीत बाहेरून आणून सोडलेला निळ्या पंखांचा महसीर फोफावला आणि तिथला मूळचा नारिंगी पंखांचा महसीर आज नामशेष होण्याच्या काठावर आहे.

पिंजरा

३ मीटर लांब, २ मीटर रुंद, दीड मीटर खोल हापा, म्हणजे जाळीची पेटी, शिवून घ्या. १.२ मीटर पाण्यात आणि ३० सेंटिमीटर वर राहिला पाहिजे, नाहीतर रोहू उड्या मारून निघून जातो. दोन हापे लागतात. पहिला मच्छरदाणीसारखा, २-३ मिलिमीटर आसाचा (आस म्हणजे जाळीचं छिद्र). पिल्लं ५० मिलिमीटरची झाली की ६ मिलिमीटर आसाच्या जाळीत हलवा. पहिल्याच जाळीत शेवटपर्यंत ठेवलं तर शेवाळाने आस बुजतात, आतलं पाणी बदलत नाही आणि पहाटे पिल्लं पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेऊ लागतात.

वरची चौकट बांबूची, खाली २० लिटरचे आठ रिकामे कॅन. कॅनच्या झाकणावर एम-सील लावा, नुसतं आवळलेलं झाकण महिनाभरात पाणी घेतं. तळाला वाळू भरून दोन्ही टोकं बंद केलेल्या पीव्हीसी पाइपची चौकट बांधा, म्हणजे वाऱ्याने हापा गोळा होत नाही. वरून पक्ष्यांची जाळी ताणून लावा. सैल राहिली तर पाणकावळा तिच्यावर बसून खालचं पिल्लू टिपतो.

नांगराच्या दोराचं गणित हमखास चुकतं. जुलैच्या सुरुवातीला पाणी दोन मीटर असताना अडीच मीटर दोराने पिंजरा बांधतात. आठ दिवसांत तलाव भरून पाणी पाच मीटरवर जातं, दोर ताणला जातो आणि पिंजऱ्याचा एक कोपरा पाण्याखाली जाऊन सगळी पिल्लं बाहेर. तलाव पूर्ण भरल्यावरची खोली विचारून घ्या आणि दोर तिच्या दीडपट ठेवा. दोन विरुद्ध कोपऱ्यांना प्रत्येकी ३० किलोची वाळूची गोणी पुरते. जागा सांडव्यापासून लांब, वारा खेळता असेल अशी आणि उन्हाळी पातळीतही पिंजऱ्याखाली एक मीटर पाणी राहील अशी हवी. पिंजरा तळाला टेकला की खेकडे जाळी कुरतडतात. गणपती विसर्जनाच्या घाटापासूनही दूर, कारण निर्माल्य कुजलं की त्या कोपऱ्यातला प्राणवायू संपतो.

बीज घेताना

केंद्रावर थोडं बीज पांढऱ्या टबात मागून घ्या आणि हाताने पाणी गोल फिरवा. तरतरीत पिल्लं प्रवाहाच्या उलट, कडेकडेने पोहतात. मरगळलेली मधोमध भोवऱ्यात गोळा होतात. मध्ये ठिपका जमला तर ते बीज घेऊ नका, विक्रेता कितीही म्हणो की ‘प्रवासाने दमलंय’. पिल्लं एकसारख्या आकाराची आहेत का तेही पाहा. आदल्या दिवशीपासून बीज उपाशी ठेवायला सांगा. पोट भरलेली पिल्लं पिशवीत घाण करतात आणि त्यातच गुदमरतात.

२५ मिलिमीटरची सुमारे ५०० पिल्लं एका पिशवीत, एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश प्राणवायू, सहा तासांच्या प्रवासाला चालतात. पहाटे निघा, पिशव्या ओल्या पोत्याने झाका. एका पिंजऱ्याला १५०० बीज, त्याहून जास्त नको. पोहोचल्यावर पिशव्या न उघडता २० मिनिटं पिंजऱ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवा. मग तोंड उघडून पाव-पाव तांब्या तलावाचं पाणी १५ मिनिटं घालत राहा आणि पिशवी आडवी धरून पिल्लांना आपणहून बाहेर येऊ द्या. तापमानात दोन-तीन अंशांचा फरक असेल आणि पिशवी थेट ओतली, तर मर तिथल्या तिथे दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिंजऱ्याच्या तळाशी सापडते.

खाद्य

शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समसमान, पीठ करून चाळलेलं. पेंड फोडून वास घ्या. कुबट वास किंवा हिरवट बुरशी असेल तर ती माशांनाच काय, जनावरांनाही घालू नका. सुरुवातीला १५०० पिल्लांचं मिळून वजन ३०० ग्रॅमच्या आसपास असतं, त्याच्या दहा टक्के म्हणजे दिवसाला ३० ग्रॅम, जेमतेम एक मूठ. इतकं कमी पाहून लोकांचा विश्वास बसत नाही आणि डबाभर ओततात. ५० मिलिमीटरला दिवसाला १४० ग्रॅम, शेवटच्या आठवड्यांत ४०० ग्रॅम. सकाळी नऊनंतर आणि दुपारी चारच्या सुमारास, दोन वेळा विभागून. ५० मिलिमीटरपुढे खाद्य भिजवून गोळे करा आणि दोरीने फूटभर खाली सोडलेल्या थाळीत ठेवा. तासाने थाळी वर काढा. उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढं कमी. सलग ढगाळ हवा आणि वारा पडलेला असेल तर खाद्य बंद, दोन दिवस उपाशी राहून मासा मरत नाही.

सहा-आठ जणांत वार वाटून घ्या आणि पिंजऱ्याजवळच्या झाडाला वही बांधा: कोणी, किती वाजता, किती टाकलं. वही नसली की रविवारी तिघं तीनदा खाद्य टाकतात आणि बुधवारी कोणीच नाही. फिरायला आलेल्यांनी टाकलेला पाव आणि वेफर्स हा वेगळाच ताप. पिंजरा काठापासून हात पोहोचणार नाही इतका आत असला की तो प्रश्न मिटतो.

दर चौथ्या दिवशी मऊ ब्रशने जाळी घासा आणि शेवटी सगळ्या शिवणींवरून बोटं फिरवा. एक रुपयाच्या नाण्याएवढं भोक एका रात्रीत पिंजरा रिकामा करतं. पंधरा दिवसांतून एकदा वीस पिल्लं काढून मोजा आणि वजन करा. अंगाला चिकटलेल्या चपट्या उवा किंवा कापसासारखी बुरशी दिसली तर लिटरला २० ग्रॅम मिठाच्या पाण्यात मिनिटभर बुडवून परत सोडा. पिल्लू आडवं होऊ लागलं तर मिनिट भरायची वाट पाहू नका. १५०० मधली हजार हाताशी आली म्हणजे काम नीट झालं. निम्म्याहून कमी उरली तर आधी जाळीत भोक शोधा, रोगाचा विचार नंतर.

सोडणं आणि गळ

हस्त नक्षत्रात, थंडी पडायच्या आत, आदल्या दिवशी उपाशी ठेवून सकाळी सोडा. सगळी एकाच जागी नको. पाणवनस्पतींच्या कडेला, पिचिंगच्या (बांधाच्या उतारावर रचलेल्या) दगडांजवळ, पाच-सहा ठिकाणी विभागून सोडा. सांडवा अजून वाहत असेल तर थांबा, नाहीतर तुमची बोटुकली खालच्या गावाच्या ओढ्यात.

पहिलं वर्षभर ३० सेंटिमीटरखालचा कटला-रोहू-मृगळ गळाला लागला तर परत सोडायचा, असं काठावर पाटी लावून ठरवा. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केला की तोंड न फाटता गळ निघतो. हात ओले करून मासा धरा, कल्ल्यांत बोट घालू नका, तापलेल्या दगडावर ठेवू नका. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि आठवड्यात तिथेच बुरशी येते. आमिष म्हणून कणकेत पेंड मळलेला गोळा रोहू-मृगळाला उत्तम. मरळीसाठी गांडूळ किंवा बेडूक चालतो. मरळ हवी तितकी काढा, बोटुकलीला तेवढाच आराम. तुटलेला तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) मात्र गुंडाळून घरी न्या, बगळ्यांच्या पायात अडकतो.

पुढच्या मृगात तलावातून ओढ्याला चढणीचे मासे निघतील तेव्हा काठ्या-कोयते घेऊन ओढ्यात उतरण्याची रीत गावात असेल, तर ती बंद करायचं त्याआधीच्या ग्रामसभेत बोला. ते पोटात अंडी असलेले स्थानिक मासे असतात. त्यांचं बीज कोणत्याही केंद्रात विकत मिळत नाही.

पिंजरा रिकामा झाला की हापे धुऊन सावलीत वाळवा. उन्हात टाकले तर धागा कडक होऊन पुढच्या वर्षी शिवणीला उसवतो. घडी गोणीत भरून आढ्याला टांगा, खाली ठेवलेल्या जाळीला पेंडीचा वास राहतो आणि उंदीर तिला दिवाळीपर्यंतही टिकू देत नाहीत.