कूपा द क्विकशी रेस हरताय? या चुका टाळा

गणपतीला चाकरमानी आले की मालवणात आमच्या घरी पडवीत निन्टेंडो स्विच हा गेम कन्सोल लागतो, पोरं गोल करून बसतात आणि सुपर मारिओ ६४ मधल्या कूपा द क्विक या कासवाशी डोंगरावरच्या झेंड्यापर्यंत रेस सुरू होते. गेम १९९६ चा, पण २०२० च्या थ्रीडी ऑल-स्टार्स या गेमसंचामुळे आणि नंतर स्विच ऑनलाइन या सदस्यत्वामुळे परत घराघरात आलाय. आणि सगळ्यांचं रडगाणं एकच, "दादा, हा कूपा लय फास्ट आहे, ह्याला हरवताच येत नाय." मला हे अजिबात पटत नाही. कूपा वेगाने जिंकत नाही, तुम्ही वाटेत वेळ घालवता म्हणून तो जिंकतो, आणि तो वेळ नेमका कुठे जातो ते ठरलेलं आहे.

आधी एक छोटी गोष्ट, कारण बरेच जण इथेच अडकतात. कूपा दिसतच नाही अशी तक्रार असेल तर तुम्ही स्टार, म्हणजे त्या कोर्समधलं एक काम, चुकीचा निवडलाय. रेस जिथे होते त्या बॉब-ऑम्ब बॅटलफील्ड कोर्सचा पहिला स्टार म्हणजे डोंगरावरच्या किंग बॉब-ऑम्बला हरवायचं, तो झाला की दुसरा स्टार निवडून आत जायचं, मग कूपा सुरुवातीजवळच उभा असतो. पहिलाच स्टार परत निवडून मैदानभर शोधत बसू नका.

आता खरी चूक, स्टार्ट. कूपाशी बोललं की मारिओचं तोंड त्याच्याकडे वळतं, बोलणं संपतं, कूपा सुटतो आणि पोरं अजून स्क्रीनवर बघत असतात की आपण कुठे तोंड करून उभे आहोत. म्हणून बोलायच्या आधीच कॅमेरा असा फिरवून ठेवा की स्टिक वर ढकलली की मारिओ पुलाच्या दिशेनेच जाईल. कूपाच्या बाजूला उभे राहून बोला, समोर नको, कारण तो धावायला लागला की आडवे आलात तर तुम्हालाच बाजूला ढकलतो. त्याला ठोसे मारून थांबवायचा प्रयत्नही करू नका, त्याला काही होत नाही, आपलाच वेळ जातो.

मग धावणं. नुसतं स्टिक पुढे ढकलून धावत राहणं ही सगळ्यात महागडी चूक, कारण लाँग जंप साध्या धावण्यापेक्षा फास्ट असते. धावता धावता झेड बटण, स्विचवर झेडएल, आणि लगेच जंप. बऱ्याच जणांचा मारिओ लाँग जंपऐवजी मागे कोलांटी मारतो, त्याचं कारण हे की ते आधी थांबतात आणि मग झेड दाबतात. जागेवर उभं राहून झेड आणि जंप म्हणजे बॅकफ्लिप, आणि चालू पायात तेच केलं की लाँग जंप. आमच्या धाकट्या भाचीला हे कळायला थोडा वेळ लागला, पण एकदा तिच्या बोटांना लय सापडली ना, मग तिने पहिलं मोकळं मैदान असं पार केलं की चेन चॉम्प भुंकायच्या आत ती दुसरीकडे होती. साखळीला बांधलेला तो काळा गोळा फार जवळ जाल तरच चावतो, त्याला थोडं लांबून वळसा द्या.

पण ही लाँग जंप सगळीकडे मारत सुटू नका. डोंगराच्या वळणावर लाँग जंप घेतली की मारिओ भिंतीवर आपटतो, मागे पडतो, आणि तिथे दोन-चार सेकंद सहज जातात. चढावर नुसतं धावा आणि वळण आतल्या बाजूने घ्या, करूळ घाटात डोंगराला धरून गाडी काढतात तसं. बाहेरच्या कडेला गेलात तर अंतर वाढतं आणि खाली पडायची भीतीही असते.

वरून लोखंडी गोळे घरंगळत येतात. कूपा त्यांच्यावरून उडी मारून जातो, तुम्हीही उडी मारा, बाजूला थांबून गोळा जाईपर्यंत वाट बघणं हा हरायचा सोपा मार्ग. एक मदत मात्र आहे, डोंगराच्या वाटेवर भिंतीत एक कोनाडा आहे, त्यात क्षणभर शांत उभे राहिलात की मारिओ वरच्या कोनाड्यात निघतो. हे चालतं, कूपा त्याला हरकत घेत नाही.

तोफेला मात्र तो हरकत घेतो. तोफेतून उडून वर गेलात तर पूर्ण वाट धावलीच नाहीत म्हणून रेस बाद. मला हा नियम फार आवडतो, म्हणजे गेम बनवणाऱ्यांनी विचार करून ठेवलाय की पोरं शॉर्टकट शोधणारच. कूल कूल माउंटन या दुसऱ्या कोर्समधल्या रेसवाल्या पेंग्विनचंही असंच, घसरगुंडीतल्या लपलेल्या बोगद्यातून गेलात की तो तुम्हाला चीटर म्हणतो, स्टार देत नाही.

जिंकलात तरी झेंड्याजवळून लगेच निघू नका. कूपा वर पोचेपर्यंत थांबा, तो बोलतो, मगच स्टार येतो. हरलात तर मारिओ स्थिर उभा करून पॉज करा आणि एक्झिट कोर्स घ्या, चालताना तो पर्याय चालत नाही. त्याने लाइफ जात नाही, लगेच परत आत शिरा.

आता कोकणातली भानगड. खारी हवा आणि दमट पाऊस, कंट्रोलरची स्टिक आपोआप सरकायला लागते आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो. मारिओ हात न लावता हळूहळू चालत असेल तर सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्स अँड सेन्सर्समध्ये जाऊन स्टिक कॅलिब्रेट करून बघा. कंट्रोलर रात्री उघड्यावर न ठेवता बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आणि बटण दाबल्यावर मारिओ जरा उशिराने उडतोय असं वाटलं तर आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा, बहुतेक टीव्ही त्याशिवाय चित्र सुंदर करण्यात वेळ घालवतात. ऐन रेसमध्ये लाईट गेली तर घाबरू नका, कन्सोलला स्वतःची बॅटरी असते.

पुढे टायनी-ह्यूज आयलंड या कोर्सवर कूपा परत भेटतो, तिसऱ्या स्टारला. तो मोठ्या बेटावर असतो, लहान बेटावर शोधत असाल तर हिरव्या पाइपातून मोठ्या बाजूला या. स्टार्ट आणि लाँग जंप सेमच, फक्त कॅमेरा जास्त वेळा फिरवावा लागतो, वाट वळणांची आहे.