नवखा उमेदवार, विद्यमान खासदार आणि खर्चाची वही

मी निफाड तालुक्यात जमाखर्च लिहितो. एरवी कांद्याचे व्यापारी, पतसंस्था, दोन-चार कृषी सेवा केंद्रं असं माझं काम. निवडणूक लागली की अपक्ष किंवा छोट्या पक्षाचा एखादा उमेदवार हिशेबासाठी येतो. लोकसभेचा असेल तर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "समोर खासदार आहेत, त्यांच्या पैशापुढे आपला टिकाव कसा लागणार?" बहुतेक वेळा उमेदवाराची थैली एखाद्या मेहुण्याकडे किंवा शिक्षक मित्राकडे असते. हे सगळं ती थैली सांभाळणाऱ्यासाठी लिहितो आहे.

आधी समोरच्याकडे काय आहे ते नीट समजून घ्या. विद्यमान खासदाराची ताकद प्रचारातल्या पैशात कमी आणि मागच्या पाच वर्षांत जास्त असते. खासदार निधी वर्षाला ५ कोटी रुपये. त्यातून झालेल्या सभामंडपावर, रस्त्यावर, शाळाखोलीवर त्यांचं नाव. उद्घाटनं, सत्कार, दहाव्याला हजेरी, रोज पेपरात फोटो. यातला एक रुपयाही निवडणूक खर्चात धरला जात नाही, कारण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे हिशेब सुरू होतो तो अर्ज भरल्याच्या दिवसापासून आणि संपतो निकालाच्या दिवशी. मर्यादा दोघांना सारखीच. जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रात लोकसभेला ९५ लाख, गोव्यात ७५ लाख. आमच्या दिंडोरी मतदारसंघात १८ लाखांहून जास्त मतदार आहेत, म्हणजे मर्यादेपर्यंत खर्च केला तरी मतदारामागे जेमतेम पाच रुपये पडतात. ज्याचं नाव घरोघरी पोचलेलं आहे त्याला पाच रुपये पुष्कळ झाले. ज्याला नावापासून सुरुवात करायची आहे त्याला ते अपुरे पडतात. ही मर्यादा नवख्यालाच जास्त जाचते, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाय मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात सांगितलं होतं की, उमेदवाराच्या संमतीने पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्याच खात्यात धरा. त्याच वर्षी संसदेने कायदा बदलून तो खर्च बाहेर काढला. २००३ च्या दुरुस्तीने ही वाट बरीच अरुंद झाली, तरी पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला आजही कमाल मर्यादा नाही. स्टार प्रचारकाचा प्रवास तुमच्या खात्यात येत नाही. मात्र त्यांच्या सभेत तुम्ही मंचावर बसलात, किंवा तुमचा फोटो वा नाव लागलं, की सभेच्या खर्चातला वाटा तुमच्या नावे पडतो. छोट्या उमेदवाराचं अंदाजपत्रक अशा एका मोठ्या सभेत कोलमडू शकतं. म्हणून नेत्याची तारीख घेण्याआधी मंडप, खुर्च्या आणि साउंडचा अंदाज लेखी मागा.

आता पैसा कुठे लावायचा ते. अमेरिकेत गॅरी जेकबसन या अभ्यासकाने १९७८ साली तिथल्या काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, निवडणुकांचे आकडे तपासून दाखवलं की, आव्हान देणाऱ्याने जास्त खर्च केला तर त्याची मतं चांगली वाढतात, पण पदावर असलेल्याच्या खर्चाने तितका फरक पडत नाही. ओळख आधीच झालेली असल्याने त्याच्या पुढच्या रुपयाला काम उरत नाही. तो जास्त खर्च करतो तो मुख्यतः जागा धोक्यात आल्यावर. पुढे काही अभ्यासकांनी यावर आक्षेपही घेतले, पण आव्हानवीराबद्दलचं पहिलं निरीक्षण मला गावपातळीवर तंतोतंत पटतं. अमेरिकेत प्रतिनिधिगृहातले पुन्हा उभे राहिलेले सदस्य बहुतेक वेळा ९० टक्क्यांहून जास्त प्रमाणात निवडून येतात. आपल्याकडे तसं नाही. लोकसभेच्या निकालांवर ली लिंडन यांचा अभ्यास आहे. १९९१ नंतर अगदी थोडक्या फरकाने जिंकलेल्या खासदाराला पुढच्या वेळी पदाचा फायदा होण्याऐवजी तोटाच होतो, असं त्यात दिसलं. खासदारांबद्दल लोकांचं मत बरं असो वा वाईट, ते झालेलं असतं. तुमच्याबद्दल मत व्हायचं असतं. म्हणून समोरच्यावर टीका करणाऱ्या फ्लेक्सवर पैसे घालू नका, स्वतःच्या ओळखीवर घाला.

२०२४ चं दिंडोरी बघा. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातबंदी आली. ती उठली ४ मे २०२४ ला, आमचं मतदान २० मे ला. लासलगावच्या बाजारात कोणाच्या मनात काय आहे हे सांगायला कोणाला प्रचार करावा लागला नाही. केंद्रात राज्यमंत्री असलेल्या विद्यमान खासदार भारती पवार यांचा भास्कर भगरे या शिक्षकाने लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. पण त्याच निवडणुकीत भगरे आडनावाच्या एका अपक्षालाही लाखाहून अधिक मतं पडली. त्याचं चिन्ह होतं तुतारी, आणि मुख्य उमेदवाराचं तुतारी वाजवणारा माणूस. नाव लोकांपर्यंत पोचलं होतं. चिन्ह पक्कं झालं नव्हतं, आणि तेवढ्याने लाखभर मतं दुसरीकडे गेली असं बहुतेकांचं म्हणणं आहे, माझंही.

त्यावरून माझा क्रम ठरला आहे. अपक्षाला चिन्ह अर्ज माघारीची मुदत संपल्यावरच मिळतं, तोवर रंगीत छपाई करायची नाही. चिन्ह मिळालं की त्याच दिवशी छापखान्यात जायचं. पत्रकावर चार गोष्टी मोठ्या हव्यात: नाव, चिन्ह, मतदान यंत्रावरचा अनुक्रमांक आणि फोटो. अर्जासोबत मतपत्रिकेसाठी जो फोटो दिला तोच पत्रकावर वापरा. यंत्रावर फोटो असतो, आणि फेटा बांधलेला वेगळा फोटो छापला तर म्हातारी माणसं बटण दाबताना अडखळतात. जवळजवळ निम्मी रक्कम पहिल्या आठवड्यात या ओळखीवरच जाऊ द्या. शेवटच्या दोन दिवसांसाठी राखून ठेवलेल्या पैशाने नवख्याची ओळख होत नाही. उरलेले पैसे रिक्षा-भोंगा, आठवडे बाजारातल्या कोपरा सभा आणि मतदानाच्या दिवशीच्या पोलिंग एजंटांसाठी. मतदान केंद्रं दीड हजाराहून जास्त असतात. सगळीकडे माणूस बसवणं जमणार नाही, तेव्हा कुठे बसवायचा याची यादी आधीच करा.

हिशेबाचं काम अर्ज भरण्याआधी सुरू होतं. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडायचं, उमेदवाराच्या एकट्याच्या नावे किंवा निवडणूक प्रतिनिधीबरोबर संयुक्त. बायकोबरोबरचं जुनं खातं चालत नाही. स्वतःचे पैसेही आधी या खात्यात भरायचे आणि मगच खर्च करायचे. एका व्यक्तीला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत मिळून १० हजारांपेक्षा जास्त रोख देता येत नाही. इथे लोक फसतात: मंडपवाल्याला तीनदा चार-चार हजार दिले की मर्यादा ओलांडली. म्हणून पहिल्याच बिलापासून त्याला बँकेतून पैसे द्या. देणगीलाही तोच नियम, एकाकडून १० हजारांहून जास्त रोख घ्यायची नाही.

निवडणूक कार्यालयातून मिळणाऱ्या नोंदवहीत तीन रंगांची पानं असतात. पांढऱ्यावर रोजचा खर्च, गुलाबीवर रोकड, पिवळ्यावर बँक. रोज रात्री तिन्ही पानं लिहून जुळवायची, उद्यावर टाकायची नाहीत. उदाहरणादाखल विंचूरच्या बाजारातल्या एका कोपरा सभेची नोंद अशी असते: खुर्च्या १००, साउंड १ संच, छोटा मंच, बॅनर २, चहा १५०, वाहन २. प्रत्येकापुढे दर, बिल क्रमांक, पैसे कसे दिले आणि कोणाला दिले. शेजारी कोपऱ्यात ५० खुर्च्या न उलगडता रचून ठेवल्या असतील, तर प्रशासनाच्या पथकाने काढलेल्या व्हिडिओत त्याही येतात आणि मोजल्या जातात. म्हणून मी मंडपवाल्याकडून किती खुर्च्या उतरवल्या याचं चलन घेतो आणि सभा सुरू होण्याआधी त्यांचा एक फोटो काढून ठेवतो.

हे सगळं का, तर प्रशासनही तुमच्या नावाची एक वही चालवत असतं. तिला सगळे शॅडो रजिस्टर म्हणतात. व्हिडिओ पथकं, भरारी पथकं यांच्याकडून येणारी माहिती तिच्यात जाते आणि जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे खर्च लावला जातो. चहा, वडापाव, थाळी, खुर्ची, ढोल, सगळ्याला दर ठरलेला असतो. दर ठरवताना पक्षांची बैठक होते, त्यानंतर ते दरपत्रक पहिल्याच दिवशी मिळवा. तुम्ही खुर्ची स्वस्तात आणली असेल तर बिल दाखवा, नाहीतर त्यांचाच दर लागेल. प्रचाराच्या काळात खर्च निरीक्षकापुढे वही तीनदा तपासणीसाठी न्यावी लागते. तारीख चुकवली तर नोटीस येते, आणि वाहनांची परवानगीही काढून घेतली जाऊ शकते.

आणखी तीन सापळे. अर्ज भरण्याआधी छापलेली पण नंतर वाटलेली पत्रकं, टोप्या, उपरणी खर्चात धरली जातात. परवानगी घेतलेली गाडी दारात उभी राहिली तरी तिचं भाडं चढत राहतं, तेव्हा गाडी नको असेल तर लेखी कळवून परवानगी रद्द करून घ्या. आणि मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता नसलेलं पत्रक छापणं हा गुन्हा आहे. छापखानेवाला विसरला तर गठ्ठा परत करा.

कोणी म्हणेल, एवढं खरं कोण लिहितं? जून २०१३ मध्ये गोपीनाथ मुंडे मुंबईतल्या एका कार्यक्रमात जाहीरपणे म्हणाले की २००९ च्या लोकसभेला त्यांचा ८ कोटी खर्च झाला. तेव्हा मर्यादा २५ लाख होती. आयोगाने नोटीस काढली. राज्यातल्या एवढ्या मोठ्या नेत्याने जे बोलून दाखवलं ते गावोगावी सगळ्यांना ठाऊक होतं. पण म्हणून नवख्याने खोटी वही लिहावी हे मला मुळीच मान्य नाही. हिशेब नुसता वेळेत दिला म्हणजे झालं असं नाही, तो खरा आहे का हेही आयोग तपासू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये अशोक चव्हाण प्रकरणात स्पष्ट केलं आहे. मोठ्या नेत्यापाठी वकिलांची फौज असते. तुमच्या उमेदवाराकडे ती नसते, त्याचं संरक्षण ही वहीच आहे.

निकालानंतर बहुतेक पराभूत उमेदवार वही कपाटात टाकून देतात. असं करू नका. निकालापासून २६ व्या दिवसापर्यंत जिल्ह्यात खर्चाच्या ताळमेळाची बैठक होते. तुमची वही आणि शॅडो रजिस्टर यांत फरक असेल तर तो तिथेच कागद दाखवून मिटवायचा. ३० दिवसांच्या आत पूर्ण हिशेब, बँकेचं विवरण, बिलं आणि शपथपत्र जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचं आणि पोच घ्यायची. डिपॉझिट जप्त झालेल्यालाही हे चुकत नाही. योग्य कारणाशिवाय हिशेब दिला नाही तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, आणि पहिल्या वेळी कमावलेली ओळख दुसऱ्या वेळी वापरण्याची संधी हातची जाते.

पोच घेतल्यावर तिथेच आणखी एक काम करा. निवडणूक नियमांतल्या नियम ८८ प्रमाणे एक रुपया शुल्क भरून कोणालाही कोणत्याही उमेदवाराचा हिशेब बघता येतो, आणि ठरलेली फी भरून साक्षांकित प्रत मिळते. विजयी उमेदवाराचा हिशेब मागा. छपाईचं पान, वाहनांचं पान आणि सभांचं पान, निदान या तिन्हीच्या प्रती घ्या. प्रत्येक खर्चापुढची तारीख बघा: पैसे पहिल्या आठवड्यात गेले की शेवटच्या. मग आपल्या वहीतली तीच पानं उघडून शेजारी ठेवा.