पोटाचं जुनं दुखणं आणि लांब पळणं : या चुका टाळा

थंडी पडली की इंदूरमध्ये नेहरू स्टेडियमभोवती आणि रेसिडेन्सीच्या रस्त्यांवर पहाटेची गर्दी वाढते. त्या गर्दीत पोटाचं जुनाट दुखणं घेऊन पळणारेही असतात, फक्त ते बोलत नाहीत. दुखणी एकसारखी नसतात. आयबीएसमध्ये (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) आतडं बिनसलेलं असतं, पण त्याला सूज किंवा जखम नसते. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आजारांत आतड्याला सूज असते, व्रण होतात, रक्तही जातं. म्हणून आयबीएसवाल्या मित्राने सांगितलेलं कोलायटिसवाल्याने डोळे मिटून करू नये. मी कोलायटिसवाला आहे, तेव्हा पुढच्या मजकुराचा कल थोडा तिकडे असणार.

चुका वेगवेगळ्या दिसतात, पण मूळ बहुतेक एकच असतं. तारीख आणि अंतर आधी पक्कं केलं जातं आणि आजार हा मध्ये आलेला अडथळा मानला जातो. ज्या आजाराचे वाईट आठवडे येणारच आहेत, ते आठवडे आराखड्यात पहिल्यापासून हवेत.

एकच लक्ष्य धरून बसणं

‘फेब्रुवारीत हाफ मॅरेथॉन, दोन तासांच्या आत’ असं लक्ष्य ठरवलं आणि डिसेंबरात फ्लेअर आला, म्हणजे आजार पुन्हा उसळला, तर हातात काहीच उरत नाही. मग माणूस एक तर फ्लेअरमध्येच पळतो, नाही तर बूट माळ्यावर टाकतो. त्यापेक्षा त्याच दिवसासाठी तीन लक्ष्यं ठेवावीत. पोट साथ देत असेल तर २१ किलोमीटर हव्या त्या वेगाने, जेमतेम असेल तर तेच अंतर पळत-चालत, आणि बिघडलेलं असेल तर १० किलोमीटर किंवा सरळ टाळ्या वाजवायला हजर. तिसरा पर्याय नावनोंदणीच्या दिवशीच स्वतःशी कबूल करून टाकावा. अंतर बदलून मिळतं का आणि कधीपर्यंत, हेही फॉर्म भरतानाच विचारून घ्यावं.

रोजच्या सरावातही किलोमीटरऐवजी मिनिटं मोजणं बरं. पन्नास मिनिटं म्हणजे पन्नास मिनिटं. त्यात किती अंतर झालं ते त्या दिवशीच्या आतड्याने ठरवावं. रात्री शौचासाठी उठावं लागलं किंवा नेहमीपेक्षा जास्त वेळा जावं लागलं, तर त्या दिवशी वेगाचा सराव नाही. रक्त, ताप, घटणारं वजन असं काही असेल तर पळण्याचा विषय बंद आणि डॉक्टरांना फोन.

बरं वाटताच राहिलेलं भरून काढणं

ही चूक मला सगळ्यात महाग वाटते, कारण ती उत्साहात होते. लक्षणं थांबली म्हणजे आतली सूज गेलीच असं नाही. म्हणूनच डॉक्टर शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी सांगतात, त्यात आतड्यातली सूज कळते. आधी रोजचं चालणं, मग हळू पळणं, मग रविवारचं लांब पळणं आणि सगळ्यात शेवटी वेग, हा क्रम मोडू नये. सुरुवात जुन्या आठवड्याच्या निम्म्यावरून केली तरी पुष्कळ झालं. बुडालेले आठवडे बुडालेच, त्यांची वसुली करायची नसते.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर आणखी सबुरी. स्टेरॉइडने झोप उडते, अंगात खोटा जोर येतो आणि कोर्स लांबला की हाडं व स्नायू कमजोर होतात. त्या जोरावर अंतर वाढवणं म्हणजे हाडाला बारीक तडा जाण्याची वाट करून देणं. आणि ‘स्पर्धा जवळ आली’ म्हणून स्टेरॉइड स्वतःहून एकदम बंद करणं तर धोक्याचंच.

शनिवारी सराफा, रविवारी लाँग रन

इंदूरकराला हे सांगणं म्हणजे पाप, पण सांगतो. जोरात पळताना रक्त पायांकडे आणि त्वचेकडे जातं, आतड्याचा वाटा खूप घटतो. उन्हात तो आणखी घटतो. आदल्या रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत खाल्लेला तळलेला गराडू (एक कंद), भुट्ट्याचा कीस आणि वर रबडी त्याच वेळी आत पडून असेल, तर दहाव्या किलोमीटरला मुरडा येणारच. लांब पळण्याच्या आदल्या दिवशी तळण, तिखट, राजमा-छोले, कच्ची कोशिंबीर कमी करावी. एरवी चोथा चांगला, या एका दिवशी कमी बरा. मऊ भात, थोडं वरण, पचत असेल तर दही, बस. आयबीएसवाल्यांपैकी अनेकांना कांदा, लसूण आणि गहू बाधतो, त्यांनी दाल-बाफले (बाफले गव्हाचेच) सोमवारी खावेत.

पोहे खरं तर पोटाला हलके. त्रास वरच्या कच्च्या कांद्याचा, शेवेचा आणि जिरावण मसाल्याचा. घरी साधे पोहे करून पळण्याआधी दोन-अडीच तास खाऊन पाहा. एकादशीला ‘उपासाचंच आहे’ म्हणून दाण्याचं कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी खाऊन पळायला निघणं मात्र टाळा. फॅट पोटात रेंगाळतं.

ओआरएस घट्ट करणं

एक लिटरचं पाकीट एका ग्लासात ढवळून पिणारे प्रत्येक ग्रुपमध्ये भेटतात. दाट पाणी आतड्यात उलट शरीरातलंच पाणी ओढतं आणि जुलाब वाढतात. डब्ल्यूएचओच्या सूत्राचं पाकीट घ्या, त्यावर लिहिलेल्या मापातच घोळा. त्यात लिटरमागे ग्लुकोज जेमतेम १३.५ ग्रॅम असतं, म्हणजे ते मीठ-पाण्यासाठी आहे, ताकदीसाठी नाही. तासाभरापेक्षा जास्त पळायचं असेल तर ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. ती पळताना खायच्या एनर्जी जेलमधून घेणार असाल तर घटक वाचा. नुसतं फ्रुक्टोज जास्त असलेलं जेल अनेकांना सोसत नाही. नवं जेल स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा उघडू नये. आतड्यालाही सराव लागतो, तो रविवारी अर्ध्या जेलपासून सुरू होतो.

दुखलं की गोळी

गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊन पळणं हे पळणाऱ्यांचं व्यसनच आहे. धडधाकट आतड्यालाही ते पळताना त्रास देतं, कोलायटिस-क्रोन्समध्ये तर फ्लेअर ओढवू शकतं. कोलायटिसचं मेसालामाइन हे औषध चालू असेल, घामाने पाणी कमी झालेलं असेल, त्यात ही गोळी, म्हणजे मूत्रपिंडावरही भार. फारच गरज पडली तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून.

शिवाय दुखतंय ते पळण्याने की आजाराने, हे आधी पाहायला हवं. या आजारात सांधेही धरतात. सकाळी उठल्यावर कंबर अर्धा-पाऊण तास आखडलेली आणि हालचाल केली की मोकळी होत असेल, तर ती पळण्याची दुखापत सहसा नसते. पळण्याची दुखापत भार दिला की वाढते.

वेग पडला की जास्त घासणं

त्याच दमात वेग कमी पडू लागला, जिना चढताना धाप लागू लागली, तर आधी रक्त तपासा. रक्त जाणं आणि सूज यांमुळे लोह घटतं. क्रोन्स लहान आतड्याच्या शेवटच्या भागात असेल तर बी१२ही. नुसतं हिमोग्लोबिन पुरत नाही. आणि सूज चालू असताना फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) फसवं वाढतं, त्यामुळे ‘नॉर्मल आलं’ म्हणून निश्चिंत होऊ नका, रिपोर्ट डॉक्टरांकडून वाचून घ्या. लोहाच्या गोळ्या पोटाला मानवत नसतील तर शिरेतून लोह देता येतं, तेही विचारा.

राहिला प्रश्न शौचालयाचा, ज्याबद्दल कुणी मोठ्याने विचारत नाही. स्वच्छतेत आपलं शहर २०१७पासून सलग अनेक वर्षं देशात पहिलं आलंय, त्याचा फायदा घ्यावा. लांब अंतरासाठी दोन-तीन किलोमीटरचा वळसा निवडा, ज्यात एक उघडं सार्वजनिक शौचालय दर फेरीला येतं. पहाटे पाचला ते उघडं असतं का, हे आदल्या आठवड्यात जाऊन बघा. चहा घेऊन अर्धा-पाऊण तास घरी थांबा, मग निघा. आणि ग्रुपमधल्या एकाला तरी सांगून ठेवा, म्हणजे तुम्ही मध्येच वळलात तर कुणी मागून ‘अरे, क्या हुआ भिया’ ओरडत येणार नाही.