जुना 'प्रिन्स ऑफ पर्शिया' नव्या लॅपटॉपवर कसा चालवायचा

दिवाळीत ताई माहेरी आली तेव्हा माळा साफ करताना फ्लॉप्यांचा डबा सापडला. एका फ्लॉपीवर तिच्याच अक्षरात 'प्रिन्स' लिहिलेलं. "अरे, हे चालेल का रे अजून?" तिने विचारलं. चाललं. त्यासाठी जे जे करावं लागलं ते इथे क्रमाने लिहितोय, कारण डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, जमान्यातल्या बहुतेक गेम्सना हीच पद्धत लागू पडते.

आधी अडचण काय आहे ते सांगतो. गेमच्या फाइलवर थेट डबल क्लिक केलंत तर हा प्रोग्रॅम या पीसीवर चालणार नाही, अशा अर्थाची पाटी येते. गेम बिघडलेला नसतो. १९९० साली डॉससाठी आलेला 'प्रिन्स' १६ बिटचा प्रोग्रॅम आहे, आणि ६४ बिटच्या विंडोजमधून असे प्रोग्रॅम चालवायची सोयच काढलेली आहे. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येतं. त्यामुळे प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कम्पॅटिबिलिटीचे पर्याय बदलत बसू नका, त्यात संध्याकाळ वाया जाते. या गेमला त्याच्या काळातला कॉम्प्युटर हवा, आणि तो 'डॉसबॉक्स' नावाचा फुकट प्रोग्रॅम तुमच्या लॅपटॉपच्या आत उभा करतो. २००२ पासून तो उपलब्ध आहे, आणि मॅक व लिनक्सवरही चालतो.

पहिलं काम फ्लॉपीचं. यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह ऑनलाइन मिळतो. पण फ्लॉपी लगेच आत सारू नका. धातूची पट्टी बोटाने हळूच सरकवा आणि आतली काळी चकती उजेडात बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यांनी तिच्यावर पांढरट ठिपके आलेले असतात. ती बुरशी. अशी फ्लॉपी घातली की ड्राइव्हचं हेड घाण होतं आणि पाठोपाठ घातलेली चांगली फ्लॉपीही ओरखडते. डब्यातल्या दोन फ्लॉप्या आम्ही अशाच बाजूला ठेवल्या. चकती स्वच्छ असेल तर कोपऱ्यातली छोटी खिट्टी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे फ्लॉपीवर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. मग सगळ्या फाइल्स लॅपटॉपवर कॉपी करा. घासल्यासारखा आवाज आला तर लगेच थांबा.

फाइल्स ठेवायला सी ड्राइव्हवर 'गेम्स' नावाचं फोल्डर करा, त्यात 'प्रिन्स' नावाचं. नावं इंग्रजी अक्षरांत, आठ अक्षरांच्या आत आणि मध्ये जागा न सोडता द्या. डॉसला त्याहून लांब नावं कळत नाहीत.

आता डॉसबॉक्स त्याच्या अधिकृत साइटवरून उतरवून इन्स्टॉल करा आणि उघडा. काळ्या खिडकीत झेड ड्राइव्हची ओळ लुकलुकताना दिसेल. पुढच्या आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, टाइप इंग्रजीतच करायच्या आणि प्रत्येक ओळीनंतर एंटर दाबायचं:

माउंट सी सी:\गेम्स
सी:
सीडी प्रिन्स
प्रिन्स

पहिल्या ओळीने तुमचं गेम्स फोल्डर डॉसबॉक्सचा सी ड्राइव्ह बनतं. त्याच्या बाहेरचं त्याला काही दिसत नाही, आणि तेच बरं. शेवटच्या ओळीने गेम सुरू होतो. दुसरा एखादा गेम असेल आणि सुरू करायची फाइल माहीत नसेल, तर 'डीआयआर' टाइप करून यादी बघा. नावापुढे ईएक्सई, कॉम किंवा बॅट असलेल्यांपैकी एक ती असते. यादीत सेटअप दिसलं तर ते आधी चालवा आणि आवाजासाठी साउंड ब्लास्टर हे त्या काळचं साउंड कार्ड निवडा: पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १. डॉसबॉक्समध्ये मुळात हेच आकडे ठरलेले असतात.

वेगाकडे नीट लक्ष द्या, बहुतेक जण इथेच कंटाळून सोडून देतात. त्या काळातले काही गेम प्रोसेसर जितका पळेल तितके पळतात. 'विंग कमांडर'सारखा गेम जास्त वेगवान मशीनवर हातातच राहत नाही. डॉसबॉक्सच्या खिडकीच्या वरच्या पट्टीत सायकल्सचा, म्हणजे वेगाचा, आकडा दिसतो. गेम पळत असेल तर कंट्रोल आणि एफ-११ दाबून तो कमी करा, रखडत असेल तर कंट्रोल आणि एफ-१२ ने वाढवा. पुष्कळ लॅपटॉपवर सोबत एफएन बटणही धरावं लागतं. एका वेळी थोडंच बदला आणि पात्राची चाल बघून ठरवा. 'प्रिन्स'ला मुळातले ३००० पुरतात, तिथे हात लावू नका.

चित्र बसकं दिसतंय का? हे गेम ३२० बाय २०० ठिपक्यांचे, पण जुन्या चौकोनी मॉनिटरवर ते उभे ताणले जायचे. स्टार्ट मेन्यूतून डॉसबॉक्सची ऑप्शन्स फाइल उघडा, 'अॅस्पेक्ट'समोर ट्रू लिहा आणि 'आउटपुट'समोर ओपनजीएल. ताईला फरक लगेच कळला, "आता तो पूर्वीसारखा सडपातळ दिसतोय." त्याच फाइलच्या अगदी शेवटी, ऑटोएक्झेक या शीर्षकाखाली, वरच्या चार ओळी लिहून ठेवा. मग डॉसबॉक्स उघडला की थेट गेमच सुरू होईल. पूर्ण स्क्रीनसाठी ऑल्ट आणि एंटर. माउस खिडकीत अडकला तर कंट्रोल आणि एफ-१० दाबा.

'प्रिन्स'मध्ये कडा पकडायला, जपून पाऊल टाकायला आणि तलवार चालवायला शिफ्ट लागतं. विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की स्टिकी कीजची खिडकी पुढे येते, तीही नेमकी लढाईच्या मध्ये. सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटीखाली जाऊन तो शॉर्टकट आधीच बंद करा. आणि मूळ मॅन्युअल असेल तर जवळ ठेवा. पहिली लेव्हल संपली की अक्षरं लिहिलेल्या बाटल्यांची खोली येते. कोणती बाटली प्यायची ते मॅन्युअल बघूनच कळतं. नकलांना आळा घालायची ती त्या वेळची युक्ती.

फ्लॉपी नसेल तरी हरकत नाही. जीओजी या दुकानात अनेक जुने गेम डॉसबॉक्ससकट तयार मिळतात. 'बिनीथ अ स्टील स्काय' हा १९९४ चा सुंदर गेम तर २००३ पासून अधिकृतपणे फुकट आहे. तो 'स्कमव्हीएम' या जुने गेम चालवणाऱ्या दुसऱ्या फुकट प्रोग्रॅममध्ये चालवा, डॉसबॉक्सपेक्षा ते सोपं जातं.

विंडोज ९५ आणि ९८ च्या काळातल्या गेम्सची गोष्ट वेगळी. तिथे कम्पॅटिबिलिटी मोड खरोखर उपयोगी पडतो. पण सीडीवर सेफडिस्कचं, म्हणजे नक्कल रोखणारं, कुलूप असेल तर विंडोज १० पासून ती सीडी चालत नाही, मग तोच गेम नव्याने विकत घेणं बरं.

'प्रिन्स'मध्ये तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल आणि जी दाबून खेळ सेव्ह होतो, आणि सुरुवातीच्या पडद्यावर कंट्रोल आणि एल दाबून तिथूनच पुढे खेळता येतो. पण सेव्ह एकच राहतो, नवा केला की जुना गेला. राजकन्येपर्यंत पोचायला सगळी मिळून ६० मिनिटं असतात, त्यामुळे दुसऱ्याने पुसलेला सेव्ह फार लागतो. आम्ही फोल्डरची नक्कल करून 'प्रिन्स२' केलं. पहिलं ताईचं, दुसरं माझं.